निरोप मिळाला नव्हता

१४ एप्रिल २०२४, रविवार

आज इथलं नवं वर्ष. अक्काने कडुनिंबाच्या फुलांची पचडी केली होती. ती खाऊन वर आलो आणि ही वही उघडली. विनुताताई म्हणाल्या की कथा लिहायला शिकणाऱ्याने रोजनिशी ठेवावी. रोज लिहिलं नाही तरी चालेल, पण जे लिहाल ते खरं लिहा.

विनुताताई पुण्याच्या. महिन्यातल्या दोन शनिवारी संध्याकाळी पाच वाजता कंप्युटरवर आठ जणांचा कथालेखनाचा वर्ग घेतात. आठांत मी सगळ्यांत म्हातारा, एकोणसाठ. कालचा वर्ग पहिला. मी ठरवून ठेवलेली ओळख करून दिली: नाव मुरलीकृष्ण राव, राहणार तंजावूर, बत्तीस वर्षं पुण्याच्या एका कारखान्यात पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या, मराठी, तमिळ आणि इंग्रजीत. बायको चार वर्षांपूर्वी गेली. गेल्या वर्षी निवृत्त झालो, आता गावातल्याच करंदै भागात मोठ्या बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहतो. इथपर्यंत ठीक. मग ताईंनी विचारलं, इथे का आलात, आणि मी म्हणालो, "मजला गोष्ट लिहायची आहे."

एक मुलगी म्हणाली, "मजला! किती गोड. एकदम शिवकाळातलं." सगळे हसले. वाईट हेतूने नाही. पण आमच्या तंजावूरच्या घरगुती मराठीतला तो शब्द बत्तीस वर्षं पुण्यात मी तोंडातून जाऊ दिला नव्हता. कॅमेरा बंद करायचं बटण सापडेना.

२७ एप्रिल, शनिवार

पहिला गृहपाठ होता, वाट पाहणाऱ्या एका माणसावर अर्धं पान. मी लिहिलं: "बाईने पिशवी डाव्या बाजूस ठेवली. मूल मांडीवर घेतले. बस आली. बस गेली. बाई उठली नाही." असं पानभर.

ताई म्हणाल्या, "रावकाका, वाक्यं स्वच्छ आहेत. पण तुम्ही या बाईची जोडणी केलीय. पंप बसवतात तशी बसवलीय तिला." मग म्हणाल्या, "ती कोणाची वाट पाहतेय?"

मी म्हणालो, "भावाची."

हे मी ठरवलं नव्हतं. शब्द आला आणि बाहेर पडला.

"मग तो का येत नाही?"

"त्याला निरोप मिळाला नाही."

"छान. हीच तुमची कथा."

२८ एप्रिल, रविवार

इथे खरं लिहायचं ठरलंय, म्हणून कथेचं मूळ लिहून ठेवतो. जयलक्ष्मीअक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिला तिरुवैयारूला दिली होती. भावोजींचं आणि तिचं पटत नसे. एकदा, तिची मुलगी जननी आठ महिन्यांची असताना, ती घर सोडून तिथल्या बसस्टॅण्डावर येऊन बसली आणि मला न्यायला ये म्हणून निरोप पाठवला. मी त्या दिवशी कुंभकोणमला गेलो होतो. निरोप मिळाला नाही. ती परत गेली. पुढे भावोजी वारेपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, त्याच घरात राहिली.

याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

११ मे, शनिवार

कथेचा पहिला खर्डा झाला. नऊ पानं. सवयीने परिच्छेदांना आकडे घातले होते, ते काढले. बहिणीचं बोलणं सगळं शुद्ध पुणेरी झालंय. अक्का काही तसं बोलत नाही, पण तिचं खरं बोलणं कागदावर घातलं तर वर्गात परत हसतील.

दुपारी वीज नव्हती. अक्का गुडघे दुखत असूनही जिना चढून पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, "उन्हात शिजतोस की रे. खाली ये, खाली गार हाय." गेल्या वर्षी मी पुण्यात एकटाच होतो तेव्हा तिनेच फोन करून बोलावलं होतं. त्या वेळी मी विचारलं होतं, तुला अडचण नाही ना होणार. ती म्हणाली, "भावाला घरात घ्यायला कसली अडचण."

२ जून, रविवार

आज अक्काला कथा वाचून दाखवली. मी काय लिहितोय ते जननी सारखी विचारत होती, आणि अक्का म्हणाली, वाच की.

अक्काला देवनागरी येत नाही. ती तमिळ वाचते. जननीला येते, ती एका खासगी शाळेत हिंदी शिकवते. पण जननी आज शाळेच्या कामाला गेली होती. मला ते सोयीचं वाटलं. का वाटलं, ते तेव्हा मनात आलं नाही.

अक्काने मध्येच विचारलं, "ही कोण बोलते?"

"बहीण."

"अशी बोलते? टीव्हीवरच्या बायांसारखी?"

मी म्हटलं, पुण्यातल्या लोकांना कळायला पाहिजे म्हणून. "सरी," म्हणजे बरं, म्हणाली आणि पुढे ऐकू लागली. (तिचं बोलणं मी इथेही थोडं पुण्याकडचं करूनच उतरवतो. सवय जात नाही.) शेवटी भाऊ कुंभकोणमहून येतो, दोन दिवसांनी त्याला कळतं, तो रडतो. तिथे तिने पदर डोळ्याला लावला.

"असंच जाहलं," ती म्हणाली. "तुजला निरोप पोचला असता तर तू धावत आला असतास. मजला ठाऊक हाय."

संध्याकाळी तिने माझ्यासाठी सोजीचा शिरा केला. मी दोनदा घेतला. पोटात नको होता, तरी घेतला.

१५ जून, शनिवार

वर्ग. ताईंनी कथा वाचली होती.

"काका, या कथेत सगळे चांगले आहेत. बहीण चांगली, भाऊ चांगला, आई चांगली. नवरासुद्धा लांबून दिसतो. कोणाचं काही चुकलेलं नाही. मग ही गोष्ट कोणी का सांगतंय?"

मी म्हणालो, "घडली म्हणून."

"आणखी एक. 'निरोप मिळाला नव्हता' हे वाक्य नऊ पानांत तीनदा आलंय. वाचकाला एकदा सांगितलं तरी पुरतं. तीनदा कोण सांगतं?"

मी म्हणालो की पुस्तिकेत महत्त्वाची सूचना तीन ठिकाणी द्यायची पद्धत आहे. त्या हसल्या, मग थांबल्या. "बघा," म्हणाल्या. "घाई नाही."

१६ जून, रविवार

डोकं दुखत होतं. काही लिहिलं नाही.

२३ जून, रविवार

आजही नाही. सकाळी मोठ्या देवळापर्यंत चालत गेलो आणि आत न जाता परत आलो.

३० जून, रविवार

या वहीतही मी खोटं लिहिलं. लोकांशी खोटं बोलणं समजतं. जी वही कोणी वाचणार नाही तिच्यात कोणासाठी लिहिलं?

आता लिहितो.

फेब्रुवारी १९९१. पुण्याच्या नोकरीला चार महिने झाले होते. आठ दिवसांची रजा घेऊन मी घरी, तंजावूरच्या मेलवीधी रस्त्यावर, आलो होतो. तिरुवारूरची मंडळी दुसऱ्या दिवशी घर बघायला येणार होती. त्यांची मुलगी मंगला, जिच्याशी पुढे माझं लग्न झालं. सकाळी दहाच्या सुमाराला शेजारच्या कामाक्षी मामी मागच्या दारी आल्या. आमच्या रांगेत फोन फक्त त्यांच्याकडे होता. म्हणाल्या, "जयाचा फोन होता. मूल घेऊन तिरुवैयारूच्या स्टॅण्डावर बसलीय. मुरलीला पाठवा म्हणते."

बस तर दर पंधरा मिनिटांनी होती. ती एकटी येऊ शकत होती. पण एकटी आली तर पळून आली म्हणतात. मागच्या वर्षी ती तशी आली होती आणि आईने चौथ्या दिवशी परत पोचवली होती. भावाने आणली तर आणलेली, मग परत पाठवणं अवघड. भावोजी हात उचलत हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मागच्या वर्षी तिच्या दंडावर पाहिलं होतं.

आईने मला जा म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "उद्या ते लोक येतायत."

मी गेलो. हे आईखेरीज कोणालाही कळलं नाही, मंगलालाही मी कधी सांगितलं नाही. पाच पूल ओलांडून बस तिरुवैयारूच्या स्टॅण्डात शिरली तेव्हा अक्का खिडकीतून दिसली. खांबाला टेकून कट्ट्यावर बसली होती. जननी मांडीवर होती आणि ती तिला टॉवेलने वारा घालत होती. ती बसच्या पुढच्या दाराकडे बघत होती. मी मागच्या दाराने उतरलो.

समोर फळांची गाडी होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. उद्या घरात ही असणार, हे रडणारं मूल असणार, दंड दिसणार, आणि तिरुवारूरचे लोक विचारणार. असा विचार केला म्हणतो, पण विचार केल्याचं आठवत नाही. गाडीवाल्याने काय पाहिजे विचारलं, आणि मी द्राक्षं म्हणालो. त्याने पुडा बांधला. तेवढ्यात तंजावूरची बस निघाली आणि मी तिच्यात चढलो.

आईला सांगितलं, "ती तिथे नव्हती." आई म्हणाली, "मग मन बदललं असेल. बरं झालं." द्राक्षं तिने धुऊन पाहुण्यांसाठी ठेवली. दुसऱ्या दिवशी मंगलाच्या वडिलांनी ती खाल्ली, गोड आहेत म्हणाले.

पुढे अक्का भेटली तेव्हा आईने तिला सांगितलं की मुरली त्या दिवशी कुंभकोणमला गेला होता, निरोप पोचला नाही. आईने मला वाचवलं की स्वतःला, माहीत नाही. मी तिथेच बसलो होतो. मी मान हलवली.

१४ जुलै, रविवार

कथा पुन्हा लिहिली, पहिल्या ओळीपासून. आता भाऊ जातो, बघतो आणि परत येतो. द्राक्षं आहेत. बहिणीचं बोलणं थोडंच ठेवलं, पण जे ठेवलं ते तिचं. "मजला" दोनदा आहे. हसू देत.

आयुष्यात पहिल्यांदा मी धीराचं काही केलं असं वाटतं.

२७ जुलै, शनिवार

वर्गात ताईंनी शेवटची दोन पानं मोठ्याने वाचली. "मजला किती गोड" म्हणणारी मुलगी म्हणाली, "काका, मला यावर काही बोलता येत नाही." ताई म्हणाल्या, एका दिवाळी अंकाच्या संपादक त्यांच्या ओळखीच्या आहेत, त्यांना पाठवूया का. मी हो म्हणालो. लगेच म्हणालो, इतकं लगेच की मागून लाज वाटली.

वर्ग संपताना त्यांनी एक विचारलं, "भाऊ बसमध्ये चढला. तिचं काय झालं मग? संध्याकाळी?"

"ती परत गेली."

"हो, पण कशी?"

मला ते माहीत नाही म्हणालो. खरं म्हणजे हा प्रश्न मला कथेच्या बाहेरचा वाटला. कथा भावाची आहे.

संध्याकाळी खाली गेलो तेव्हा इतका खुशीत होतो की अक्काने विचारलं, काय विशेष. म्हटलं, ती गोष्ट छापून येईल बहुतेक. तिने देवासमोर साखर ठेवली. तिला वाटतंय जूनमध्ये ऐकली तीच गोष्ट. मी खुलासा केला नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

संपादकांनी कथा घेतली. दोन ओळींचं पत्र, त्यात "अंतर्मुख करणारी" असा शब्द आहे. पत्र चार वेळा वाचलं.

अक्काला सांगायला हवं. अंक पुण्यात निघेल, तो इथे कोण वाचणार? तरी सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात सांगतो.

१ सप्टेंबर, रविवार

नाही सांगितलं. तिचे गुडघे फार सुजलेत. असल्या दिवसांत कशाला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

छापायच्या आधी तपासायची पानं आली, फाईल म्हणून. पडद्यावर माझ्याकडून चुका सुटतात. पंपांच्या पुस्तिकाही मी कागदावरच तपासायचो. जननीच्या शाळेशेजारी झेरॉक्सचं दुकान आहे. तिला फोनवर फाईल पाठवली आणि येताना प्रिंट आण म्हटलं.

तिला छापील मराठी वाचता येईल हे माझ्या लक्षात आलं नाही. असं मी म्हणतो आहे. ती रोज दीडशे मुलांना हीच अक्षरं शिकवते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

प्रिंट विसरले म्हणाली. जेवताना माझ्याकडे बघत नव्हती.

१४ सप्टेंबर, शनिवार

दुपारी जननी वर आली. कागद टेबलावर ठेवले, नीट टाचलेले.

"मामा, मी वाचलं."

मी कागद जवळ ओढले.

"काही वर्ड्स कळले नाहीत. दोनदा वाचलं मग कळले." ती उभीच होती. "ते बेबी मी?"

"हो."

"स्टोरी की खरं?"

तिला सांगता आलं असतं की स्टोरी. पाच महिने मी तेच शिकत होतो, घडलेल्यातून न घडलेलं कसं करायचं. म्हणालो, "खरं."

तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही. म्हणाली, "अप्पा दार बाहेरून लावून जायचे, शाळेतून आले की मी कुलूप बघून पायरीवर बसायचे. आई आतून गोष्टी सांगायची. तुमच्या गोष्टी. मुरलीमामा पुण्याला आहे, मुरलीमामाला कळलं तर येईल. मला वाटायचं तुम्ही पोलीस आहात."

खाली अक्का कोणाशी तरी बोलत होती, भाजीवाली असावी.

"आईला तुम्ही वाचून दाखवता की मी दाखवू?" जननीने विचारलं. "मी वाचेन तर सगळं वाचेन."

"मीच वाचतो. उद्या."

"उद्या सकाळी. मी घरी आहे."

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळची कॉफी झाली. अक्का पाट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात शेवग्याचा पाला निवडत बसली. जननी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. मी खुर्चीवर, हातात कागद. म्हणालो, "अक्का, गोष्ट मी बदलली. ऐक."

वाचायला सुरुवात केली. वर्गात ताईंनी वाचली तेव्हा ती कथा वाटत होती. इथे माझ्या आवाजात तसं काही वाटलं नाही. कामाक्षी मामीचं नाव बदललं होतं, तरी त्या मागच्या दारी येतात तिथे अक्काने वर बघितलं. मग पुन्हा पाल्याकडे. भाऊ मागच्या दाराने उतरतो, तिथे तिचा हात थांबला. मी द्राक्षांपर्यंत आलो.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी मागच्या दारापासून पुन्हा वाचलं. द्राक्षं, पुडा, बस. मग शेवटपर्यंत वाचलं. शेवटी भाऊ म्हातारा होतो आणि त्याला झोप लागत नाही असं आहे. ते वाचताना माझी मलाच लाज वाटली. कागदावर ते चांगलं वाटत होतं.

काडीवरून पाला ओढल्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाली, "ह्यात मी कुठं हाय?"

"तू... ती स्टॅण्डावर बसलेली."

"ती बसलीय. नुसती बसलीय. तू आलास, तू बघितलंस, तू गेलास, तुजला झोप नाही. अस्कं तुझंच, सगळं तुझं. संध्याकाळी तिचं काय जाहलं?"

मी म्हणालो, "तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

तेहतीस वर्षं. खरंच विचारलं नव्हतं.

मग तिने सांगितलं, पाला निवडत, हळू. मी जमेल तसं उतरवतो.

"पाच वाजेपर्यंत बसले. पोरीचं दूध संपलं, कपडे संपले. म्हटलं, मुरली नाही आला तर मीच जाते, आईच्या पाया पडते. तंजावूरची बस धरली. मेलवीधीच्या कोपऱ्यावर उतरले. पोर खांद्यावर झोपली होती. आपल्या दारात मोठा दिवा लावला होता. रस्त्याच्या मध्यापर्यंत रांगोळीचा कोलम, लग्नाला घालतात तसा. आतून मुरुक्कू तळायचा वास येत होता. आणि तू बाहेर ओट्यावर बसला होतास, नवा शर्ट घालून, मामीच्या यजमानांशी बोलत. हसत होतास. अस्कं अंग हलवून हसत होतास. मी समोर विजेच्या खांबाशी उभी."

"मग हाक का नाही मारलीस?" हे मी विचारलं. मला हे विचारता आलं.

"कोलम बघितला की मी. उद्या कोणी येणार ते कळलं. तुझं बिघडेल म्हटलं." तिने एक काडी बाजूला टाकली. "त्याचं काय नाही. पण तू हसत होतास. मी म्हटलं, बहीण मूल घेऊन रस्त्यावर बसलीय हे ज्याला ठाऊक हाय तो असा हसेल काय? ह्याला निरोपच मिळाला नाही. आईने लपवला असेल. पुढं आई कुंभकोणमचं बोलली तेव्हा मजला ठाऊक होतं ती खोटं बोलते. पण तू खरा होतास. तेवढं घेऊन मी परतीची बस धरली. तेवढ्यावर राहिले रे त्या घरात. सव्वीस वर्षं."

जननी उठून मागच्या दारी गेली.

मी म्हणालो, "अक्का, माझं चुकलं." अजूनही काही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. पाला संपला होता. तिने भिंतीला हात लावून गुडघे सरळ केले आणि सूप घेऊन आत गेली.

थोड्या वेळाने जननी आली. डोळे धुतलेले. "मामा, आज खाली जेवायला येऊ नका. मी वर आणून देते."

तिने आणून दिलं. भात, शेवग्याच्या पाल्याची भाजी, ताक. नेहमीसारखं.

जेवण झाल्यावर हे सगळं लिहिलं. सकाळ विरायच्या आत लिहायला हवं असं वाटत होतं. हात भराभर चालला.

१६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी संपादकांना पत्र लिहिलं, कथा मागे घेतो म्हणून. पाठवलं नाही. कारण शोधत होतो, पाठवण्याचं नव्हे, न पाठवण्याचं.

अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. जननी शाळेत गेलेली. अक्काच होती, एकेका पायरीवर थांबत. वर आली, माझ्या खाटेवर बसली, दम घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती वर आली होती.

"जननी म्हणते ती गोष्ट छापणार हायेत."

"मी नको म्हणून कळवतोय."

"छाप. पुण्यात मजला कोण ओळखतं? तुझं हाय ते, तुजला सांगायचं तर सांग." मला हायसं वाटलं. ते तिला दिसलं असणार, कारण ती लगेच पुढे बोलली. "पण काल मी बोलले ते लिहायचं नाही. खांब, कोलम, ते अस्कं. ते माझं हाय. जननीच्या अप्पांना नाही सांगितलं, आईला नाही सांगितलं. तू गोष्ट वाचलीस म्हणून तोंडातून गेलं."

"नाही लिहिणार."

"नक्की?"

"नक्की, अक्का."

वही टेबलावर उघडीच होती, कालचं पान वर. मी ती मिटली असती तर तिच्या लक्षात आलं असतं, म्हणून मिटली नाही. ती उठताना टेबलाला धरून उठली. पानाकडे तिचं लक्ष गेलं. तिने त्यावर हात ठेवला, जरा फिरवला.

"किती बारीक लिहितोस," म्हणाली. "डोळे जातील."

आणि एकेक पायरी करत खाली गेली. मी धरायला उठलो तर हाताने नको म्हणाली.

ती गेल्यावर पानं फाडायला बसलो. फाडण्याआधी एकदा वाचली. वाचताना दिसलं की मुरुक्कूचा वास अक्काने सांगितला नव्हता. नवा शर्टही नाही. ती म्हणाली होती, तू ओट्यावर बसला होतास, हसत होतास, इतकंच. बाकीचं माझ्या हाताने घातलं, काल दुपारी, भात खाऊन झाल्यावर, आणि मला कळलंही नाही.

पानं फाडली नाहीत. त्या दोन गोष्टी तेवढ्या बारीक रेघ मारून खोडल्या, आणि उरलेलं पुन्हा वाचून पाहिलं. आधीपेक्षा चांगलं झालं होतं.

वही कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली. खाली जाऊन अक्काला विचारलं, बाजारातून काही आणायचं का. ती म्हणाली, काही नको.